नेहमीचं बटण

३ मार्च

प्रिय वहिनी,

घे, लिहिलं पत्र! याआधीचं शेवटचं पत्र मी शाळेच्या परीक्षेत लिहिलं होतं, गैरहजेरीबद्दल वर्गशिक्षकांना, आणि त्यात मला दहापैकी चार मिळाले होते. आता तुझ्या हट्टापायी पुन्हा तोच छळ. फोनवर बोलण्यात मजा नाही म्हणे! बरं, फोन केलाच तर तू उचलतेस, आणि दादाला दे म्हटलं की तो अंघोळीला गेलेला असतो. वहिनी, इतक्या अंघोळी म्हैससुद्धा करत नाही गं. माझ्यावर रागावलाय का तो? तसं असेल तर सरळ सांग. एकुलता एक भाऊ, तोही एक दिवसाच्या प्रवासावर जाऊन बसलाय, त्यात अबोला परवडणार नाही मला.

इकडची बातमी म्हणजे आपल्या पंख्यांच्या कारखान्यात (तू सोडून गेलीस तरी मी 'आपल्या'च म्हणणार) प्रत्येक यंत्रावर एक स्क्रीन बसलाय. यंत्र थांबलं की चालवणाऱ्याने कारणाचं बटण दाबायचं: माल नाही, वीज नाही, बिघाड, साचा बदलतोय. ही सगळी माहिती माझ्या टेबलावर येते. मे अखेरीला बाई, म्हणजे आपल्या मालकीणबाई, एका विभागाला नवीन मोठं यंत्र घेऊन देणार आहेत. कुठल्या विभागाला, ते मी सांगायचं. एकदाच मिळणार आहे वहिनी. चुकीच्या जागी बसलं तर पुढची दहा वर्षं ते मशीन माझ्याकडे बघून दात विचकत राहील, आणि ज्यांना खरी गरज होती ते लोकही.

पहिल्याच आठवड्यात एक गंमत झाली. सगळीकडून ओरड, "आमचं कारण यात नाहीच." मी विचारलं, मग तुमचं कारण काय? तर एकजात सगळे म्हणाले, "अहो, नेहमीचं!" मी तडक आमच्या स्क्रीनवाल्याला सांगून तसं बटणच करून घेतलं, 'नेहमीचं'. आता सगळे खूश. लोकांचं ऐकलं की लोक कसे पटापट नवीन गोष्ट स्वीकारतात, त्याचा नमुना म्हणून बाईंनी मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं. मी घरी येऊन आरशासमोर दोनदा टाळ्या वाजवल्या.

दादाला सांग, अंघोळ झाली असेल तर दोन ओळी लिही.

तुझी एकुलती एक नणंद


१२ मार्च

वन्सं,

(पत्रात तरी ही हाक मारू दे. समोर मारली की पाठीत धपाटा मिळतो.)

तुझं पत्र आलं. मी दहापैकी सात दिले, तीन गुण अक्षराचे कापले. तुझा दादा मुळीच रागावलेला नाही. उलट तुझं पत्र दोनदा वाचलं, आणि म्हशीपाशी आल्यावर इतका हसला की चहा शर्टावर. फोनवरचं बोलणं ठेवलं की संपतं बाई. पत्र उशाशी ठेवता येतं. एवढंच कारण, दुसरं काही नाही.

माझं वाचनालयातलं काम झकास चाललंय. फाटक्या पुस्तकांच्या पाठी शिवते. तुमच्याकडे मोटरीच्या तारांचं वाइंडिंग करत होते, इथे पुस्तकांचं बाइंडिंग करते. तुमच्याकडून निघून सहा वर्षं झाली, बढती एका अक्षराची. दिवसभर तिथे कुणी बोलत नाही, आणि घरी आलं की तुझा दादा बातम्या एवढ्या मोठ्याने लावतो, की वरच्या मजल्यावरचे आजोबा म्हणतात, आम्ही आमचा टीव्ही विकून टाकतो. आणि हल्ली फार आज्ञाधारक झालाय हो. पडदे निळे घेऊ? "हो." की पिवळे घेऊ? "हो." शेवटी दोन्ही घेतले. आमची खोली आता सर्कशीच्या तंबूसारखी दिसते.

तू आपल्या विभागाची, वाइंडिंगची, काहीच बातमी लिहिली नाहीस. आपली सगळ्यांत जुनी मास्तरीण अजून यंत्रावर आहे ना? तांब्याच्या तारेला तिच्याइतकी माया कुणी लावली नसेल. तिला माझा नमस्कार.

बाकी सगळं नेहमीचं.

तुझी वहिनी

ता. क. ठमे, वेळेवर जेवत जा. — दादा


६ एप्रिल

प्रिय वहिनी,

तुझ्या विभागाची बातमी हवी होती ना? मग बस खाली. वाइंडिंग पहिलं आलंय! सगळ्या कारखान्यात! माझ्या टेबलावरच्या तक्त्यात बिघाड लाल दिसतो, माल नसला की पिवळा. पेंट शॉप म्हणजे नुसता लालभडक. आणि वाइंडिंग? हिरवं कुरण. यंत्रं थांबतात, पण कारण जवळजवळ प्रत्येक वेळी 'नेहमीचं'. स्क्रीनवाल्याने विचारलं होतं, या बटणाला रंग कुठला देऊ? मी म्हटलं, नेहमीचं म्हणजे काळजीचं नाही, द्या हिरवा.

तेव्हा माझं ठरलं. नवं मशीन पेंट शॉपला. बाईंना द्यायचं टिपण निम्मं लिहून झालंय. वाइंडिंगच्या बायकांना बाई कौतुकाचं पत्र देणार आहेत. मी मास्तरणीला हे सांगितलं तर तिने माझ्याकडे पाहिलं, म्हणाली, "बरं." आणि तार ओढायला लागली. कौतुक पचायलाही सवय लागते, दुसरं काय.

आणि वहिनी, नवरा प्रत्येक गोष्टीला हो म्हणतो ही तक्रार करतेस? अगं, कुठलं बटण दाबलंस त्याचं, ते मलाही कळव. माझा तर मी "पाणी देतोस?" म्हटलं की कशाला म्हणून विचारतो.

तुझी हिरवीगार नणंद


१३ एप्रिल

वन्सं,

हे पत्र मी वाचनालयातच बसून लिहितेय, कारण घरी जाईपर्यंत दम निघणार नाही. ते टिपण बाईंना दिलं नसशील तर देऊ नकोस. दिलं असशील तर परत माग.

वाइंडिंग हिरवं? माझ्या सात वर्षांत तो विभाग एक दिवस हिरवा नव्हता. तू वर नियोजनाच्या खोलीत वाढलीस, म्हणून तुला हा शब्द आमच्याकडून कधी ऐकायला मिळाला नाही. मिळाला तो थेट बटणावर. तर ऐक. एखादी गोष्ट बिघडते. यंत्रावरची बाई जाऊन सांगते. "बघतो," असं उत्तर येतं. ती थांबते, पुन्हा जाऊन सांगते. "अहो, सांगितलंत ना, बघतो म्हटलं ना." तिसऱ्यांदा ती जात नाही. शेजारणीने विचारलं, काय गं, का थांबलीस, तर म्हणते, "नेहमीचं." म्हणजे दुखणं नाही असं नव्हे गं बाई. सांगून उपयोग नाही, एवढाच त्याचा अर्थ. आणि त्याला तू हिरवा रंग दिलास! मास्तरीण "बरं" म्हणाली ते कौतुक पचलं नाही म्हणून नव्हे. तिचं ते तिसऱ्यांदाचं उत्तर होतं.

रागावू नकोस. तुझ्याइतकी धडपडी मुलगी त्या खुर्चीत दुसरी नाही, हे मी बाहेर सगळ्यांना सांगते. पण आता खुर्ची सोड. खाली जा, स्टूल घे, वाइंडिंगमध्ये बस. कागद-पेन नेऊ नकोस, ते दिसलं की सगळ्या शहाण्यासारख्या बोलायला लागतात. नुसती बस. कुठे पाणी मुरतंय ते आपोआप कळेल.

इथे सगळे बरे आहेत. बाकी नेहमीचं.

तुझी वहिनी


२९ एप्रिल

प्रिय वहिनी,

तुझं पत्र वाचून आधी दोन दिवस मी तुझ्यावर फुगून बसले. मग विचार केला, तुला कळणारच नसेल तर फुगण्यात काय अर्थ? म्हणून स्टूल घेऊन खाली गेले.

पहिला दिवस फुकट. माझ्यासमोर कुणाचं यंत्र थांबेचना. दुसऱ्या दिवशी मी टेकून डुलकी काढली, खरीखुरी, आणि घोरलेसुद्धा म्हणे. तेव्हापासून सगळ्या मोकळ्या झाल्या. दाराजवळ बसते ती बाई थांबली. काय झालं? "नेहमीचं." म्हणजे? तर तारेचं रीळ ज्या दांड्यावर बसतं तो दांडा वाकलाय. स्टोअर हलवताना पडला होता, तेव्हापासून. तार तिरकी येते, तटकन तुटते. तिच्या पलीकडचीचं पेडल अडकतं, तिने त्याला रुमाल बांधून ठेवलाय. रुमाल सुटला की 'नेहमीचं'. खिडकीपाशी दुपारी ऊन थेट डोळ्यांत येतं, तार दिसत नाही, ती बाई ऊन सरकेपर्यंत हातावर हात ठेवून बसते. एकच बटण, वहिनी, आणि प्रत्येकीचा अर्थ वेगळा!

पण खरी गंमत मास्तरणीची. सगळ्यांत जास्त 'नेहमीचं' तिच्या यंत्रावर. मला वाटलं, हिचं यंत्रच गेलं कामातून, नवीन मशीन हिलाच द्यायला हवं. बसून पाहिलं तर तिचं यंत्र ठणठणीत. ती थांबते ते नव्या मुलींपाशी जायला. एखादीचा हात अडला की हिच्या कानाला कसं कळतं देव जाणे, आपलं यंत्र थांबवते, जाऊन तिच्या मनगटाला धरून दोन वेढे घालून दाखवते, एक टपली मारते, परत येते. तू तिथे शिकलीस ती अशीच ना? हे कुठेच दिसत नाही. आणि मी उद्या या बटणाचा रंग हिरव्याचा लाल केला, तर बाईंचा पहिला हुकूम काय सुटेल? मास्तरणीने थांबायचं नाही. आजार आणि औषध एकाच बाटलीत भरून ठेवलंय मी. वर चिठ्ठी माझ्या अक्षरात.

आता बाईंसमोर जाऊन सांगायचंय की मी दोन महिने दाखवलेला तक्ता चुकीचा आहे.

आणि आता दुसरं. काल तुझी पत्रं पुन्हा काढून वाचली, मास्तरणीचं काय लिहिलंयस ते बघायला. तर शेवटच्या ओळीशी अडकले. "बाकी सगळं नेहमीचं." पुढच्यातही. तूच मला त्या शब्दाचा अर्थ शिकवलास. दोनदा सांगितलं, ऐकलं नाही, म्हणून तिसऱ्यांदा सांगत नाही. मग वहिनी, तू कुणाला दोनदा सांगितलंस? काय सांगितलंस? बटण दाबू नकोस. सांग.

तुझी नणंद


१६ मे

वहिनी,

उत्तर नाही. अडीच आठवडे झाले. फोन वाजतो आणि थांबतो. मी जास्त बोलले का?

तोवर इकडचं सांगते. बाईंकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "म्हणजे तुम्ही मला दोन महिने नुसता रंग दाखवलात?" मी हो म्हटलं. "आणि मी त्यावर कौतुकाची पत्रं वाटली." त्यालाही हो म्हटलं. मग विचारलं, "आता काय हवंय?" मी म्हटलं, नवं मशीन सध्या कुणालाच नको. वाइंडिंगला दांडे सरळ करून हवेत, पेडलं नीट करून हवीत, खिडकीला पडदा हवा, निळा किंवा पिवळा चालेल. पेंट शॉपमध्ये मला स्टूल घेऊन बसायचंय, तिथल्या लाल रंगात काय काय मिसळलंय ते बघायला. आणि 'नेहमीचं' बटण काढून टाकायचंय.

"मास्तरणीच्या थांबण्याचं काय?" त्यांनीच विचारलं. मी तिच्यासाठी बटण आधीच योजून ठेवलं होतं: 'शिकवते आहे'. बाई म्हणाल्या, "ते करा. मशीन पुढच्या वर्षी. आपल्याला काय येतं आणि काय येत नाही, हे आधी आपल्याला कळू दे. माझ्यासकट." टाळ्या नाहीत, पण मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं तेव्हापेक्षा आज जास्त बरं वाटलं.

ते बटण बसल्यावर मास्तरणीने बोट लावून पाहिलं, म्हणाली, "हे पण काम धरतात होय?" आणि तुझी आठवण काढली.

शनिवारपर्यंत तुझं पत्र आलं नाही तर मी येऊन धडकणार. तुम्हा दोघांना निळ्या-पिवळ्या पडद्यांसकट हलवेन.

तुझी


२१ मे

वन्सं,

धडकू नकोस. म्हणजे ये, पण आधी हे वाच.

तू विचारलंस, कुणाला दोनदा सांगितलं. तुला. मागच्या वर्षी तू इथे आली होतीस, तेव्हा भांडी घासताना मी म्हटलं, दादाला हल्ली नीट ऐकू येत नाही गं. तू हसलीस, म्हणालीस, "त्याला लहानपणापासून कामाचं तेवढं ऐकू येत नाही." मीही हसले. पुढे फोनवर पुन्हा म्हटलं. तू म्हणालीस, "बघते हं, आमच्याकडे एक चांगला डॉक्टर आहे," आणि मग तुमचे स्क्रीन आले. मी तुला दोष देत नाही. तोही मला तेच म्हणायचा, काही झालेलं नाही, तू पुटपुटतेस. तिसऱ्यांदा मी कुणाला सांगितलं नाही.

प्रेस शॉपमध्ये पत्रे कापण्याच्या आवाजात आयुष्य गेलं त्याचं. फोनवर तुझं बोलणं त्याला कळेना. दोनदा भलतीच उत्तरं दिली, तू चेष्टा केलीस, तेव्हापासून त्याच्या अंघोळी सुरू झाल्या. ही पत्रांची टूम माझी. त्याला तुझं बोलणं हवं होतं, आणि वाचता तर येतं ना. ताकाला जाऊन भांडं लपवत होते मी. आणि 'हो' म्हणतो ते आज्ञाधारक म्हणून नव्हे.

मला भीती पडद्यांची नव्हती. त्यांच्याकडे भोंगा वाजला की प्रेसखालून हात मागे घ्यायचा असतो. त्याला भोंगा ऐकूच येत नाही. शेजारच्याचे हात बघतो, त्याने घेतले की आपले घेतो. हे त्याने मला एकदा सहज सांगितलं, हुशारी म्हणून. कंपनीला कळलं तर प्रेसवरून काढतील, म्हणून झाकली मूठ सव्वा लाखाची. शपथ घातली होती मला. या महिन्यात शेजारचा माणूस रजेवर गेला, आणि मी रोज वाचनालयात पुस्तकाच्या पाठीत सुई घालून नुसती बसून राहायचे. संध्याकाळी दारात त्याची दहाही बोटं दिसली की मग चहा टाकायचे. तुला कसं लिहिणार होते? लिहिलं तर शपथ मोडते, नाही लिहिलं तर खोटं.

तुझं ते पत्र त्याने वाचलं. "बटण दाबू नकोस, सांग" इथे थांबला. मग ते पत्र बरेच दिवस खिशात घेऊन हिंडला. मी वाट पाहिली. काल तुझं दुसरं आलं, 'शिकवते आहे' वालं. ते वाचलं, आणि मला म्हणाला (हल्ली तो फार मोठ्याने बोलतो, सगळ्या इमारतीला ऐकू गेलं असेल), "तिला लिही. आणि उद्या माझ्याबरोबर साहेबाकडे चल, तो काय म्हणतो ते मला कळणार नाही."

आज जाऊन आलो. बाकी काही नेहमीचं नाही. मला फार बरं वाटतंय आणि मी सकाळपासून रडतेय.

तुझी वहिनी


२४ मे

दादा,

हे पत्र फक्त तुला.

कारखानाभर स्टूल घेऊन फिरले, कोण काय सांगत होतं आणि कुणी ऐकलं नाही ते शोधत. काखेत कळसा! वहिनी भांडी घासताना सांगत होती आणि मी विनोद करत होते. बहिरा तू एकटाच नव्हतास. मला माफ कर म्हणत नाही, तू "हो" म्हणशील आणि मला कळणार नाही की ऐकलंस की नाही.

डॉक्टरांची वेळ घेतली आहे. शनिवारी मी येतेय, तिघं मिळून जाऊ. तोपर्यंत शेजारच्याचे हात बघून काम केलंस तर बघ. लहानपणी रस्ता ओलांडताना तू माझा हात धरायचास. आता माझी पाळी.

ठमी


३० जून

ठमे,

मला पत्र लिहिता येत नाही, तरी लिहितो. तुझ्या वहिनीने तीन गुण आधीच कापलेत.

प्रेसवरून काढलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. सध्या साचे दुरुस्तीच्या खोलीत आहे. प्रेसवर परत जाता येईल की नाही, ते पुढच्या तपासणीनंतर ठरेल. साहेब ओरडला, पण भोंग्याबरोबर आता सगळ्या प्रेसवर लाल दिवापण लावतोय. म्हणाला, आणखी कितीजण हात बघून चालवतात देव जाणे. दोघे तर लगेच पुढे आले.

तुमच्याकडे मशीन आलं नाही, आमच्याकडे आलं, कानात. या वयात कानातलं घालायची वेळ आली. तुझी वहिनी म्हणते, मला कधी आणलं नाहीस, स्वतःला आणलंस. पहिले दोन दिवस डोकं उठलं. चमचा ठेवला तरी बॉम्ब. ती पुटपुटत नाही हे मान्य केलं. वरच्या आजोबांनी टीव्ही पुन्हा लावला, तोही ऐकू आला.

परवा दुपारी पडलो होतो, तर डोक्यावरचा पंखा खटखट वाजतोय. तुमच्याच कारखान्याचा. तुझ्या वहिनीला विचारलं, हा आवाज कधीपासून? ती आतून म्हणाली, "नेहमीचं आहे."

मी स्टूल घेतलं, वर चढलो, स्क्रू आवळला. आता वाजत नाही.

रविवारी फोन कर. मी उचलेन.

दादा